कोब्याला भेगा पडल्या, म्हणून स्केटपार्क पाडायचा का?

ताई, नमस्कार.

आम्ही विजापूर रस्त्याच्या बाजूला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिच्या मामानं तिला स्केटबोर्ड आणून दिला आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक जुना स्केटपार्क आहे. मोकळ्या जागेत ओतलेला कोबा, दोन उतार, एक अर्धगोल भिंत, तिच्या माथ्यावर लोखंडी पाइप, आणि एक कट्टा, ज्याच्या कडेवर पोरं बोर्ड घासतात. कोब्याला भेगा पडल्यात, एका ठिकाणी सळई उघडी पडलीय, पावसाळ्यात खोलगट भागात पाणी साचतं, दिव्यांपैकी एकच लागतो. संध्याकाळी तिथं कॉलेजची मुलं असतात. ती काही वाईट वागत नाहीत, पण सासूबाईंना ते पसंत नाही. “पोरीचा हातपाय मोडला तर उद्या लग्न कसं व्हायचं?” असं त्या म्हणतात. ह्यांचं म्हणणं, ही जागा सोडून देऊ, महिन्यातून दोनदा पुण्याला नेऊ, तिकडं चांगले पार्क आहेत. त्यात आता कॉलनीतले लोक निवेदन घेऊन फिरतायत की हा पार्क पाडा, तिथं ओपन जिम आणि पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक करा. माझीही सही मागितलीय. मुलीला तिथं पाठवू का? आणि सही करू का?

— एक आई, सोलापूर

नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण निवेदन घेऊन माणसं पुन्हा दारात येतील. सही करू नका. मुलीला पाठवा, पण एकटीला नको. आणि त्या पार्कातल्या तीन-चार जागा दुरुस्त होईपर्यंत तिनं कुठं जायचं नाही हे ठरवून पाठवा. आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि निवेदन घेऊन फिरणाऱ्यांच्याही.

मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवला. मूल एखाद्या खेळात टिकतं की नाही, हे मैदान किती सुंदर आहे यापेक्षा ते घरापासून किती जवळ आहे यावर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत झालंय. स्केटबोर्डिंगला तर हे फारच लागू पडतं. बोर्डवर नुसतं उभं राहून तोल धरणं, एका पायानं ढकलत पुढं जाणं, वळणं, थांबणं, एवढ्याच गोष्टी अंगात मुरायला रोजचा अर्धा-पाऊण तास आणि काही महिने लागतात. ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी, ही त्याच्याही पुढची पायरी. पुणं सोलापूरहून अडीचशे किलोमीटर. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तरी जायला चार तास, यायला चार तास. महिन्यातून दोनदा हा खटाटोप केला, तर मधल्या पंधरवड्यात पाय बोर्ड विसरून जातात आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. तुमच्याकडं चालत दहा मिनिटांवर कोबा आहे. जुन्या पार्काचा हा सगळ्यात मोठा गुण, आणि निवेदनात त्याचा उल्लेखही नसणार.

आता दोष. जुन्या स्केटपार्कातले दोष मी दोन प्रकारचे मानते. काही दोष डोळ्यांना दिसतात, त्यांच्याशी जुळवून घेता येतं, आणि जुळवून घेता घेता मूल शिकतं. काही दोष मात्र मुलाला सावध व्हायला वेळच देत नाहीत, थेट इजा करतात. हे दुसऱ्या प्रकारचे मोजकेच असतात आणि बहुतेक वेळा थोडक्या खर्चात मिटतात. “पार्क धोकादायक झालाय” असं मोघम म्हटलं, की दोन्ही एकाच पोत्यात जातात. तुम्ही एकदा सकाळी जाऊन ते वेगळे करा.

भेगांपासून सुरुवात करू, कारण लोक बोट त्यांच्याकडेच दाखवतात. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. अशा जमिनीवर पुरेसा मुरूम आणि सोलिंग न घालता कोबा ओतला, की खालची जमीन दर वर्षी त्याला उचलते आणि खाली सोडते. कोबा वाकत नाही, तडकतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. पारा आठवडेच्या आठवडे चाळिशीच्या वर, ४२-४३ अंश म्हणजे नेहमीचंच. दिवसा कोबा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. ओततानाच त्यात सांधे सोडले नसतील, तर तो आपला सांधा आपणच पाडून घेतो. तेव्हा भेग पडली म्हणजे बांधकामाचं आयुष्य संपलं असं समजू नका. नवा पेव्हर ब्लॉकचा ट्रॅकही त्याच काळ्या मातीवर बसणार आहे. चार पावसाळ्यांनी त्याचेही ब्लॉक वर-खाली होतील, आणि त्यावरून ठेच लागून पडणारी माणसं साठीच्या पुढची असतील. निवेदनवाल्यांना हे जरूर सांगा.

भेग किती रुंद आहे यापेक्षा तिच्या दोन कडा एका पातळीत आहेत का, हे आधी बघायचं. स्केटबोर्डचं नेहमीचं चाक लहान, साधारण ५२ ते ५४ मिलिमीटर व्यासाचं, आणि कडक असतं. वर आलेल्या कडेला ते धडकलं की बोर्ड जागीच थांबतो आणि वरचं मूल तोंडावर पडतं. कंपासपेटीतली पट्टी घेऊन जा. पट्टी वर आलेल्या बाजूवर आडवी ठेवून भेगेच्या पलीकडं जाऊ द्या. पलीकडच्या बाजूला पट्टीखाली एकावर एक ठेवलेली दोन नाणी सरकत असतील, तर त्या जागी खडूनं फुली मारा. करंगळी आत जाईल एवढी रुंद आडवी भेग असेल, तर तिथंही फुली. बाकीच्या केसासारख्या भेगांवरून चाक नुसतं खडखडत जाईल. पार्कात इनलाइन स्केट, म्हणजे एका ओळीत चाकं बसवलेले बूट, घालून फिरणारी पोरंही येत असतील, तर त्यांचं गणित वेगळं. स्केटबोर्डचं चाक तीन सेंटिमीटर किंवा थोडं जास्तच रुंद असतं, त्याला जाण्याच्या दिशेनं लांबलेली बारीक भेग जाणवत नाही. इनलाइनचं चाक जेमतेम २४ मिलिमीटरचं आणि कडांना निमुळतं, ते नेमकं अशाच लांबट भेगेत रुततं. त्यामुळं त्या मुलांच्या आईवडिलांना सोबत घेऊन ही पाहणी केलीत तर बरं.

दुरुस्ती करायला गवंडी बोलावला तर तो सिमेंटचं पाणी करून भेगेवर निरू ओढून देईल. दिसायला झकास, पण एका उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात, आणि सुटलेला पापुद्रा चाकाखाली खड्यासारखाच वाईट. आधी भेग हलती आहे की थांबलेली, ते ओळखायला हवं. भेगेची टोकं जिथं संपतात तिथं ऑइलपेंटची बारीक रेघ मारून तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मेमध्ये बघा. भेग रेघेच्या पुढं गेली किंवा उघडझाप करते असं दिसलं, तर तिच्यात कडक माल भरून उपयोग नाही, तो सुटून येणार. तिथं लवचीक सीलंट लागतं. पॉलियुरेथेनचं सीलंट हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं. थांबलेल्या भेगेत पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा माल किंवा इपॉक्सी भरता येते. आणि वर आलेली कड असेल तर बहुतेक वेळा काही भरायचंच नसतं. ग्राइंडरनं ती कड उतरती घासून घेतली की काम झालं, अर्ध्या दिवसाचं.

उघडी सळई मात्र पहिल्या क्रमांकावर घ्या. ती दुसऱ्या प्रकारचा दोष आहे. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगताना वरच्या काँक्रीटचा थर ढकलून देतं. आज हातभर दिसते ती सळई दोन पावसाळ्यांनी आणखी उघडी पडेल. त्या सळईवर पडणाऱ्या मुलाला नुसतं खरचटत नाही, खोल चिरतं. तिथलं पोकळ झालेलं काँक्रीट छिन्नीनं फोडून काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग दुरुस्तीचा माल भरायचा. हे होईपर्यंत त्या जागेभोवती दगड आणि लाल कापड ठेवा. तुमच्या मुलीला त्या बाजूनं बोर्ड नेऊच देऊ नका.

तसाच तो माथ्यावरचा लोखंडी पाइप. स्केटर त्याला कोपिंग म्हणतात. त्यावर पाय देऊन हलवून बघा. खडखड वाजला, किंवा त्याच्या उघड्या टोकाला धार असली, तर वेल्डरला बोलवायची वेळ आली. तुमच्या मुलीला त्या उंचीवर जायला अजून अवकाश आहे, पण कॉलेजची मुलं आजच त्याच्यावर चढतायत.

पाणी साचतं म्हणजे खोलगट भागातली जाळी बुजलेली असणार. ती मोकळी करायला फारसा खर्च नाही, आणि डेंग्यूचे डास कमी करायचं काम त्यात आपोआप होतं. आरोग्याच्या मुद्द्यावर हे काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे. ओल्या कोब्यावर बोर्ड चालवायचा नाही. चाक घसरतं, आणि बेअरिंगमध्ये पाणी गेलं की ती गंजून जाम होतात. सुदैवानं आपल्याकडं पावसाचे दिवस कमीच.

दिव्याबद्दल घरात वाद नको. एकच दिवा म्हणजे अर्धा कोबा सावलीत, आणि सावलीतला खडा दिसत नाही. सगळे दिवे लागेपर्यंत अंधार पडायच्या आत घरी यायचं.

आता पहिल्या प्रकारचे दोष, ज्यांच्यापायी पार्क पाडायची काही गरज नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुना कोबा आहे तर तो खरखरीत असणार. हल्ली स्केटपार्क ओतताना यंत्रानं घोटून पृष्ठभाग आरशासारखा करतात. खरखरीत कोब्यावर वेग कमी मिळतो, आणि पडलं तर जास्त सोलतं. नऊ वर्षांच्या, नव्यानं शिकणाऱ्या मुलीसाठी कमी वेग ही चांगलीच गोष्ट आहे. सोलण्यावर उपाय म्हणजे कोपर आणि गुडघ्यांची पॅड. आणि एक काम मामाला सांगा. बोर्डाला आणखी चार चाकं आणून द्या, मऊ आणि मोठी. चाकांची कडकी आकड्यात लिहिलेली असते. कसरतींची चाकं ९९ए-१०१ए अशी दगडासारखी असतात. ७८ए ते ८७ए यांमधली, ५६ ते ६० मिलिमीटरची चाकं घेतली, तर बारीक भेगा आणि खरखर ती गिळून टाकतात. मोठी चाकं वळताना फळीला घासतात, म्हणून मधे रायझरची पातळ पट्टी टाकून घ्यायला सांगा. अख्खा नवा बोर्ड घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पुढं जमिनीवरच्या कसरती शिकायची वेळ आली की जुनी कडक चाकं परत लावता येतील.

दुसरं, त्या उतारांचा आकार. जुने उतार बऱ्याचदा अंदाजानं बांधलेले असतात. खाली मिळतात तिथं कोन पडतो, भिंतीची गोलाई वर जाताना एकदम ताठ होते. एका ठिकाणी शिकलेलं तंत्र दुसऱ्या उतारावर चालत नाही. प्रौढांना हा दोष वाटतो. अशा उतारांवर वाढलेलं मूल मात्र प्रत्येक जागा आधी नीट बघून मग पाय उचलतं, आणि ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. फक्त पहिले काही महिने तिनं सपाट भागावर आणि दोहोंतल्या कमी उताराच्या बाजूलाच राहायचं.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. एवढासा खडा कडक चाकाखाली आला की बोर्ड जागच्या जागी अडतो. सोलापूरची धूळ, रस्त्यावरून उडून आलेली खडी, आणि कडेला कडुनिंब असेल तर जूनमध्ये सडाच पडणाऱ्या लिंबोळ्या, ज्यांच्यावरून चाक सर्रकन घसरतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात कोबा धुवा असं मी म्हणणार नाही. खराटा पुरतो. खेळायला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येकानं पाच मिनिटं झाडायचं, हा नियम तुमच्या मुलीपासून सुरू करा. मोठी मुलं तो पाळतील. मुलांना अशी शिस्त घरातून कुणी लावतं तेव्हा खटकते, पण मैदानावरच्या लहानग्यानं सुरू केली की लागते.

वेळेचं म्हणाल तर मार्च ते जून सकाळी साडेसहा ते साडेआठ, किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी कोबा हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. त्यावर हात टेकून पडलं तर भाजतं. पाण्याची बाटली, आणि येऊन ताक.

सामानात सगळ्यात आधी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. पडताना माणूस हात पुढं टाकतो, म्हणून या खेळात मनगट आणि हाताचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त. जिवावरचं असतं ते डोक्याला लागणं. मोटारसायकलचं हेल्मेट लहान मुलाच्या मानेला जड होतं, ते नको. सायकल आणि स्केटिंगसाठीचं, आत ईएन १०७८ हे युरोपीय मानक छापलेलं हेल्मेट मिळतं ते घ्या. दुखापती सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतात, त्यामुळं “आधी शिकू दे, मग सामान घेऊ” असा विचार करू नका. गुडघे वाकवून, खांद्यावर कलून पडायला तिला पहिल्या आठवड्यात गवतावर शिकवा. बोर्डावर उभं राहण्याआधी मी पडणंच शिकवते.

आता तुम्ही सोबत का जायचं ते. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांना स्केटबोर्ड देऊ नये, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत जबाबदार मोठं माणूस असावं. लहान मुलाचा अंदाज कच्चा असतो. येणाऱ्या बोर्डाचा वेग आणि आपली ताकद, दोन्ही त्याला नीट मोजता येत नाहीत. तुमची मुलगी नऊ वर्षांची. म्हणजे निदान वर्षभर तुमच्यापैकी कुणीतरी कट्ट्यावर बसायला हवं. हीच संघटना असंही म्हणते की गावांनी स्केटपार्क बांधावेत, कारण रस्त्यापेक्षा तिथं मुलांवर लक्ष ठेवता येतं. पार्क पाडला म्हणून पोरांचे बोर्ड अडगळीत जाणार नाहीत. ती रस्त्यावर येतील. विजापूर रस्त्यावरच्या जड वाहनांमध्ये नऊ वर्षांची मुलगी बोर्डवर, हे चित्र निवेदनावर सही करणाऱ्यांनी डोळ्यांपुढं आणावं, एवढंच मला म्हणायचंय.

कॉलेजच्या मुलांबद्दल तुम्ही अगदी न्यायानं लिहिलंत, “ती काही वाईट वागत नाहीत.” ते पकडून चला. सोलापुरात स्केटबोर्ड शिकवणारा कोच शोधत बसण्यापेक्षा तिथं रोज पडून-उठून शिकलेला दादा हाच तिचा गुरू. तुम्ही दोन-तीन दिवस आधी एकट्या जाऊन बसा. कोण खेळायला येतं आणि कोण नुसतं टवाळक्या करायला, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. खेळणाऱ्यांशी बोला, नावं विचारा, कुठल्या भागातले ते विचारा. आपल्याकडं एकमेकांचं घर कुठं हे कळलं की वागणं सुधारतं. जुन्या पार्काला आपली अशी माणसं असतात, आणि नव्या चकचकीत जागेला ती मिळायला वर्षं जातात. पार्कात दोन गोष्टी त्यांच्याकडून ठरवून घ्या. एका उतारावर एका वेळी एकच जण. आणि पडताना पायाखालून सुटलेला बोर्ड कुणाच्या घोट्यावर जाणार असेल, तर ओरडून सांगायचं. घोट्याला लागतं ते बऱ्याचदा सुटलेल्या बोर्डानंच. इनलाइनवाली पोरं सतत गोल फिरतात आणि बोर्डवाली उभी-आडवी जातात, तेव्हा दोघांची वेळ वेगळी ठेवली तर बरेच अपघात टळतील.

मुलींसाठी वेगळा तास मागून घ्या, हेही मी आग्रहानं सांगते. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ च्या सुमारास तिथं काँक्रीटचा स्केटपार्क उभा करून दिला. नियम दोनच होते, शाळा बुडवली तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. त्या गावातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. मुली आधी हा नियम करायला नवा कोबा लागत नाही. सकाळचा एक तास मुलींचा, असं पाटीवर लिहिलं की झालं. मात्र एक उणीव मला खरी वाटते. जुन्या मैदानांवर बहुधा स्वच्छतागृह नसतं. मुलं निभावून नेतात, मुली दहा-बारा वर्षांच्या झाल्या की याच कारणानं खेळ सोडतात. तुमच्या पार्कात नसेल तर ही मागणी दिव्यांच्या आधी लिहा.

सासूबाईंची काळजी मी उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीत मोडलेला हात वाकडा बसला तर तो जन्माचा वाकडा राही. आज मनगट मोडलं तरी बहुतेक मुलांचं हाड काही आठवड्यांत नीट भरून येतं. त्यांना एकदा सकाळी सोबत घेऊन जा, नात हेल्मेट-पॅड घालून कशी खेळते ते बघू द्या. त्यांना हेही सांगा की २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा जपानच्या मोमिजी निशिया हिनं स्ट्रीट, म्हणजे रस्त्यावरच्यासारखे कट्टे-पायऱ्या-कठडे असलेल्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, वय वर्षं तेरा. आपल्याकडं २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण जिंकलं. तुमच्या मुलीनं पदक आणायलाच हवं असं मुळीच नाही. पण “हा पोरींचा खेळ नव्हे” असं कुणी म्हणालं, तर सासूबाईंकडं उत्तर असू दे.

राहिलं निवेदन. ज्येष्ठांना चालायला जागा हवी, ही मागणी रास्त आहे, आणि ती मांडणाऱ्यांशी भांडू नका. स्केटपार्कनं मैदानाचा किती भाग व्यापलाय ते पावलांनी मोजा. कडेनं मुरमाचा चालण्याचा पट्टा आणि एका कोपऱ्यात जिमची चार-सहा साधनं बसत असतील, तर पाडापाडीची गरजच उरत नाही. उलट आजीआजोबा फेऱ्या मारताना मुलांवर लक्ष राहील आणि टवाळक्या करणाऱ्यांचं बसणं आपोआप कमी होईल. “आता पाडू, मुलांना दुसरीकडं नवा करून देऊ,” असं कुणी म्हणालं तर सावध राहा. लंडनमध्ये थेम्सच्या काठी साउथबँक सेंटरच्या पोटाखाली एक मोकळी जागा आहे. ती स्केटिंगसाठी बांधलेलीच नव्हती. १९७० च्या दशकापासून पोरं तिथं खेळत आली. २०१३ मध्ये तिथं दुकानं काढायचं ठरलं आणि स्केटरना जवळच नवी जागा देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली, हजारो लोकांनी लेखी हरकती दिल्या, आणि २०१४ मध्ये जुनी जागा राखायचं मान्य झालं. पुढं बंद पडलेला एक भाग दुरुस्त होऊन २०१९ ला उघडला. त्याच शहराच्या पूर्वेला हॉर्नचर्चचा १९७८ चा रोम स्केटपार्क २०१४ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला. तुमचा पार्क काही वारसा वास्तू नाही, पण एकदा फोडलेला कोबा पुन्हा ओतायला निधी, मंजुरी आणि जागा सगळं नव्यानं लागतं, आणि तोवर आज नऊ वर्षांची असलेली मुलगी कॉलेजात जाते.

म्हणून नुसती सही नाकारून थांबू नका, तुमचा स्वतंत्र अर्ज करा. महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची, आणि एक प्रत नगरसेवक असतील तर त्यांना. “पार्क सुधारावा” एवढंच लिहिलं तर काही होत नाही. सळई झाकणं, पाइप पक्का करणं, अमुक इतक्या जागी वर आलेल्या कडा घासणं, जाळी मोकळी करणं, बंद दिवे लावणं, स्वच्छतागृह, अशी कामं क्रमानं लिहा आणि प्रत्येकाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो जोडा. तुमच्या खडूच्या फुल्या फोटोत येऊ द्या. खाली इनलाइनवाल्या पोरांचे आईवडील, ती कॉलेजची मुलं आणि चालायला येणारे दोन-तीन ज्येष्ठ, यांच्या सह्या घ्या. ज्येष्ठांच्या सह्या असलेला अर्ज बाजूला ठेवणं अवघड जातं. कडा घासणं आणि जाळी साफ करणं ही दोन कामं लवकर होत नाहीत असं दिसलं, तर परवानगी घेऊन वर्गणीतून करून टाका. सळई आणि वेल्डिंगच्या कामाला मात्र जाणकार माणूसच हवा, ती हौसेनं करायची नाहीत.

आणि पुण्याबद्दल ह्यांना नाराज करू नका. या पार्काच्या मर्यादा खऱ्या आहेत. खोल बाउल, म्हणजे वाडग्यासारखा खड्डा, नाही, मोठा वेग मिळत नाही, आणि तुमची मुलगी टिकली तर दीड-दोन वर्षांत तिला इथलं सगळं येऊ लागेल. ती थांबताना अडखळेनाशी झाली, लहान उतारावरून दोन्ही दिशांनी खाली यायला लागली आणि ऑली जमली, की पुण्याची पहिली खेप काढा, शाळेच्या सुट्टीत, मुक्कामाची, म्हणजे दोन सकाळी आणि एक संध्याकाळ हाताशी राहील. तिथल्या गुळगुळीत काँक्रीटवर बोर्ड अपेक्षेपेक्षा जास्त पळतो, म्हणून पहिला तास तिला सपाट भागातच ठेवा. त्याआधी या शनिवारी पट्टी, खडू आणि दोन नाणी घेऊन कोब्यावर जा. कुठं फुल्या मारल्या ते मला कळवा, अर्जाचा मसुदा आपण मिळून करू.